दर्या जवळ, हुन्नर दूर का?

भाईंदर पश्चिमेहून बसमध्ये बसले की मुर्धा, राई, मोर्वा मागे टाकत आपण उत्तनला पोहोचतो आणि तिथून पुढे चौकला. डोंगरावर धारावी किल्ल्याच्या खुणा, समोर वसईच्या खाडीचे मुख आणि पलीकडे वसईचा किल्ला. मीरा रोडच्या आपल्या वस्तीतून एवढा जवळ असलेला हा दर्या आम्ही वर्षानुवर्षे फक्त वारा खाण्यासाठी पाहिला. या खेपेला होड्या पाहिल्या.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात आणि दुरुस्तीला सुरुवात होते. लाकडी होडीच्या फळ्यांतील फटी भरायच्या, कुजलेली फळी बदलायची, इंजिन उघडायचे, रंग द्यायचा. आता फायबरच्या होड्याही आल्या. त्यांचे काम निराळे. शिवाय वायरलेस आणि जीपीएस आहेच. म्हणजे एका होडीमागे सुतार, फिटर, वेल्डर, वायरमन असे किती तरी हात लागतात. पूर्वी बापाशेजारी बसून पोरगा हे शिकत असे. आज मोठ्या गोदीत काम हवे तर हुन्नराबरोबर प्रमाणपत्रही लागते.

आपल्या घरांत मात्र दहावीनंतर दोनच गोष्टी ऐकू येतात: कॉलेज, नाहीतर ‘मर्चंट नेव्ही’. आमच्या ओळखीच्या एका घरात आईने बांगड्या मोडून एजंटाला पैसे दिले. ना जहाज मिळाले, ना पैसे परत आले. मुलगा आज एका दुकानात बसतो. माहिती नसली की असा घात होतो.

खरे तर दर्या आपल्याला परका नाही. नाखवा, खलाशी, सारंग, मालीम, बंदर, लंगर हे मराठीतले शब्द फारसी-अरबीतूनच आले. मुंबईच्या गोदीत सागवानात बांधून 1817 साली पाण्यात सोडलेले ‘त्रिंकोमाली’ जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. हजरत नूह (अ.स.) किश्ती बांधत असताना लोक त्यांना हसले, हे आपण मुलांना सांगतो, पण अल्लाहचा पैगंबर स्वतः फळ्या आणि खिळे घेऊन काम करीत होता, हे सांगायला विसरतो. हाताच्या कामात कमीपणा कसला?

वाटा अनेक आहेत. मुंबईची माझगाव गोदी शिकाऊ उमेदवार घेते. आठवी, दहावी आणि आयटीआय उत्तीर्ण असे तिथे निरनिराळे गट असतात. आठवीवाल्यांना वेल्डर व रिगर, तर दहावीवाल्यांना फिटर, पाइप फिटर, इलेक्ट्रिशियन, ड्राफ्ट्समन असे व्यवसाय. परीक्षा द्यावी लागते, पण शिकताना विद्यावेतन मिळते. वयाची मर्यादा कडक असते, म्हणून निकालानंतर वर्षभर घरी बसवू नका. इलेक्ट्रिशियन किंवा ड्राफ्ट्समनचा विचार मुलींसाठीही जरूर करा.

कोचीची ‘सिफनेट’ ही केंद्र सरकारची संस्था 1963 पासून मासेमारी जहाजांसाठी माणसे घडवते. तिथे दहावीनंतर मरीन फिटर व वेसल नेव्हिगेटर हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. गावी कोकणात मासेमारीचा अनुभव असलेली, पोहता येणारी नातलग मुले असतील तर त्यांना राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचे सहा महिन्यांचे प्रशिक्षण सुचवा. त्यात नौकानयन आणि डिझेल इंजिनाची देखभाल शिकवतात. असे केंद्र वेसाव्यालाही आहे.

आणि जहाजावरच जायचे असेल तर दोन गोष्टी गाठीला बांधा. संस्थेला नौवहन महासंचालनालयाची मान्यता आहे का, ते आधी तपासा. नोकरी लावणाऱ्याकडे त्याच कार्यालयाचा आर.पी.एस.एल. परवाना हवा, आणि परवाना असला तरी नोकरी लावून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घेण्याची त्याला मनाई आहे. पैसे मागितले की उठून यावे.

येत्या रविवारी मुलांना घेऊन चौकला जा. होडीजवळ थांबा, काम करणाऱ्याला सलाम-नमस्कार करा, चार प्रश्न मुलांनाच विचारू द्या. कोणाचा डोळा इंजिनावर खिळतो, कोणाचा लाकडावर, ते पाहा. हलाल रोजीची वाट कदाचित तिथूनच सुरू होईल, इन्शाअल्लाह.