२०२ विरुद्ध २०१

अमेरिकन लीगमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा पुरस्कार, ज्याला सगळे एमव्हीपी म्हणतात, १९४७ साली न्यूयॉर्क यँकीजच्या ज्यो डिमॅजिओला मिळाला. त्याला २०२ गुण पडले होते. दुसरा आला बोस्टन रेड सॉक्सचा टेड विल्यम्स, २०१ गुणांसह. आज ते दोघेही हयात नाहीत. तरी बोस्टनचा जुना, जाणता चाहता हे दोन आकडे न अडखळता सांगतो आणि यँकीजचा चाहता त्याला तितक्याच तयारीनं उत्तर देतो.

बोस्टनकरांचा संताप समजण्यासारखा आहे. त्या मोसमात विल्यम्सची बॅटिंगची सरासरी ०.३४३, होम रन ३२ आणि त्याच्या फटक्यांवर संघाला मिळालेल्या धावा ११४. तिन्ही बाबतींत तो लीगमध्ये पहिला होता. यालाच ट्रिपल क्राउन म्हणतात आणि तो क्वचितच बघायला मिळतो. डिमॅजिओचे आकडे होते ०.३१५, २० आणि ९७. बेसबॉलमध्ये दहा वेळा बॅट घेऊन उभं राहिल्यावर तीनदा यश मिळालं तरी बॅटर उत्तम समजला जातो, म्हणजे डिमॅजिओची कामगिरीही चांगलीच होती. पण दोघांत अंतर होतं, आणि ते लहान नव्हतं.

हा पुरस्कार १९३१ पासून बेसबॉल लिहिणाऱ्या पत्रकारांची संघटना देते. १९४७ मध्ये लीगमधल्या आठ शहरांतून प्रत्येकी तीन पत्रकार मत देत. प्रत्येकानं दहा नावं क्रमानं लिहायची. पहिल्याला १४ गुण, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला ८ आणि असं उतरत दहाव्याला १. एका पत्रकारानं आपल्या दहांत विल्यम्सचं नावच लिहिलं नव्हतं. नवव्या क्रमांकावर जरी लिहिलं असतं तरी २ गुण मिळून तो जिंकला असता. विल्यम्सचं आणि बोस्टनच्या वृत्तपत्रांचं उघड वैर होतं, त्यामुळे हा घात घरच्याच माणसानं केला असं बोस्टन वर्षानुवर्षं मानत आलं. स्वतः विल्यम्सनं एका बोस्टनच्या पत्रकाराचं नावही घेतलं होतं. त्या माणसाला त्या वर्षी मताचा अधिकारच नव्हता हे पुढे उघड झालं.

यँकीजचा चाहता इथे पत्रकारांची बाजू घेत बसत नाही. तो संघाकडे बोट दाखवतो. त्या वर्षी यँकीज लीगमध्ये पहिले होते, रेड सॉक्स तिसरे. ज्याच्यामुळे संघ जिंकला तो मोलाचा, हा त्याचा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा मैदानाचा. डिमॅजिओ उजव्या हातानं खेळणारा, आणि जुन्या यँकी स्टेडियममधली डावीकडची, मध्याच्या बाजूची हद्द इतकी लांब होती की दुसरीकडे होम रन ठरणारे त्याचे फटके तिथे झेल होऊन संपत. त्याच्या कारकिर्दीतल्या ३६१ होम रनपैकी घरच्या मैदानावर १४८ आणि बाहेर २१३ आहेत. तिसरा मुद्दा क्षेत्ररक्षणाचा. डिमॅजिओ मैदानाच्या मध्यभागी सहज पळताना दिसे, विल्यम्सचं मन बॅटिंगमध्ये असे. बोस्टनकडे यावर एक हुकमी उत्तर होतं: ज्योचा धाकटा भाऊ डॉम डिमॅजिओ रेड सॉक्समध्ये विल्यम्सच्या शेजारीच उभा राही, आणि झेल घ्यायला थोरल्यापेक्षा धाकटा सरस, असं रेड सॉक्सच्या घरच्या मैदानावर, फेनवे पार्कमध्ये, छातीठोकपणे सांगितलं जाई.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त भावते ती ही तयारी. विल्यम्सला मोठं ठरवायचं तर डिमॅजिओचे घरचे आणि बाहेरचे फटके वेगळे मोजावे लागतात. डिमॅजिओचा बचाव करायचा तर विल्यम्सला बेसवर फुकट जाऊ देणारे पिचर का घाबरत होते, हे कळावं लागतं. साडेतीनशे किलोमीटर अंतरावरच्या या दोन शहरांतले चाहते एकमेकांचे खेळाडू बारकाईनं ओळखतात, कारण त्याशिवाय भांडताच येत नाही.

या भांडणाची सुरुवात सहा वर्षं आधीची. १९४१ मध्ये डिमॅजिओनं सलग ५६ सामन्यांत किमान एक यशस्वी फटका मारला. १५ मे ते १६ जुलै. तो विक्रम आजही कुणी मोडलेला नाही. त्याच वर्षी विल्यम्सची सरासरी ०.४०६ झाली आणि त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगच्या संपूर्ण मोसमात कुणालाही ०.४०० गाठता आलेलं नाही. मोसमाच्या शेवटच्या दिवशी, २८ सप्टेंबरला, फिलाडेल्फियात दोन सामने होते. विल्यम्सची सरासरी तेव्हा ०.३९९५५ होती, म्हणजे तीन दशांश स्थळांपर्यंत धरली तर ०.४००. मॅनेजर ज्यो क्रोनिननं त्याला बसायची मोकळीक दिली. विल्यम्स दोन्ही सामने खेळला आणि आठ वेळांत सहा यशस्वी फटके मारले. पुरस्कार मात्र डिमॅजिओला, २९१ विरुद्ध २५४. बोस्टनचे लोक इथे एक हिशेब पुढे करतात: डिमॅजिओच्या त्या ५६ सामन्यांच्या काळात त्याची सरासरी ०.४०८ होती आणि त्याच दिवसांत विल्यम्सची ०.४१२.

१९४१ चा निकाल मला पटतो. यँकीज पहिले आले होते आणि त्या दोन महिन्यांत अख्खा देश रोज संध्याकाळी डिमॅजिओचं काय झालं हे विचारत होता. १९४७ चा निकाल पटत नाही. पण खरा अन्याय झाला तो मधल्या १९४२ मध्ये, आणि त्याची चर्चा उगाचच कमी होते. विल्यम्सनं तेव्हाही ट्रिपल क्राउन मिळवला होता: ०.३५६, ३६ आणि १३७. पुरस्कार गेला यँकीजच्या ज्यो गॉर्डनला, २७० विरुद्ध २४९. गॉर्डन सेकंड बेसवरचा चपळ खेळाडू होता, पण त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे फटका न लागताच बाद, होणारा बॅटरही तोच होता. विल्यम्सला हा मान १९४६ आणि १९४९ मध्ये मिळाला, म्हणून तो उपेक्षित राहिला असं म्हणता येत नाही. तरी दोन ट्रिपल क्राउन आणि दोन्ही वर्षी दुसरा क्रमांक, हे कोणत्याही तर्कात बसवणं कठीण आहे.

पुढे खेळाचा अभ्यासच बदलून गेला. कॅन्ससमधल्या एका डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रीची राखण करता करता बिल जेम्स नावाच्या माणसानं १९७७ मध्ये स्वतःच्या खर्चानं बेसबॉलच्या आकड्यांची एक पुस्तिका काढली. बॅटरची सरासरी पुरेशी नाही, तो किती वेळा आऊट न होता बेसवर पोचतो हे जास्त महत्त्वाचं, असं तो पटवून देऊ लागला. त्या मापानं विल्यम्सचं १९४१ साल थक्क करणारं आहे: निम्म्याहून जास्त वेळा, ०.५५३, तो बेसवर पोचला होता. एखाद्या खेळाडूच्या जागी सामान्य राखीव खेळाडू असता तर संघानं किती सामने कमी जिंकले असते, याचा हिशेब आता वॉर या एका आकड्यात मांडतात. त्यात विल्यम्स तिन्ही वर्षी वर येतो. रेड सॉक्सनं पुढे बिल जेम्सलाच सल्लागार म्हणून घेतलं.

आकडे आले म्हणून वाद थंडावले नाहीत, त्यांना नवी हत्यारं मिळाली. यँकीजचा तेव्हाचा कप्तान डेरेक जीटर याला शॉर्टस्टॉपच्या जागेवरच्या क्षेत्ररक्षणासाठी पाच गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळाले. नवी मापं मात्र सांगतात की त्याच्या आवाक्याबाहेरून जाणारे चेंडू दुसऱ्यांपेक्षा जास्त होते. न्यूयॉर्कनं त्याला हवेत उडी मारून, अंग वळवून चेंडू फेकताना डोळ्यांनी पाहिलंय, आणि बोस्टननं तक्ते पाहिलेत.

आता बाजू कशा फिरतात ते पाहा. १९७८ मध्ये यँकीजच्या रॉन गिड्रीनं पिचर म्हणून २५ सामने जिंकले, फक्त ३ हरले. रेड सॉक्सच्या जिम राइसनं ४६ होम रन मारले. न्यूयॉर्कचं म्हणणं, गिड्रीइतका मोलाचा कुणी नाही. बोस्टनचं म्हणणं, पिचर पाच दिवसांतून एकदा खेळतो, रोज खेळणाऱ्याशी त्याची बरोबरी कशी? राइस जिंकला, ३५२ विरुद्ध २९१. एकवीस वर्षांनी, १९९९ मध्ये, बोस्टनच्या पेद्रो मार्टिनेझनं २३ सामने जिंकले, ४ हरले, ३१३ बॅटरांना स्ट्राइकआउट केलं. पहिल्या क्रमांकाची सर्वांत जास्त मतं त्यालाच होती, आठ. तरी एमव्हीपी झाला टेक्सासचा कॅचर इव्हान रॉड्रिगेझ, २५२ विरुद्ध २३९, कारण दोन पत्रकारांनी पेद्रोचं नाव दहांतही घातलं नाही. त्यातला एक न्यूयॉर्कच्या वृत्तपत्राचा होता. त्याचं कारण, पिचरांसाठी साय यंग हा वेगळा पुरस्कार आहेच. आदल्या वर्षी मात्र त्याच पत्रकारानं दोन पिचरांना आपल्या यादीत जागा दिली होती. यावर बोस्टनचा राग रास्त आहे. पण १९७८ चा आपलाच युक्तिवाद बोस्टनकर त्या हिवाळ्यात पूर्ण विसरले होते, हेही खरं.

मॅनेजरांवरचे वाद याहून कडवे असतात. बेसबॉलचा मॅनेजर क्रिकेटच्या प्रशिक्षकासारखा सीमेबाहेरून बघत नाही. खेळाडूंचाच गणवेश घालून तो डगआउटमध्ये बसतो, बॅटिंगचा क्रम ठरवतो आणि मैदानात चालत येऊन पिचर बदलतो. एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही, त्यामुळे प्रत्येक बदल कायमचा.

१६ ऑक्टोबर २००३ ला यँकी स्टेडियमवर लीगच्या अंतिम फेरीचा सातवा सामना होता. आठव्या इनिंगमध्ये बोस्टन ५-२ नं पुढे, पिचर पेद्रो. चेंडूंची संख्या शंभरच्या पुढे गेली की त्याची धार कमी होते, हे त्या मोसमाच्या आकडेवारीत दिसत होतं. राखीव पिचर त्या दिवसांत अप्रतिम टाकत होते. यँकीजच्या जीटर आणि बर्नी विल्यम्सनं फटके मारल्यावर बोस्टनचा मॅनेजर ग्रेडी लिटल मैदानात आला, पेद्रोशी बोलला आणि त्याला तिथेच ठेवून परत गेला. मग मात्सुइचा फटका, मग पोसादाचा, आणि ५-५. अकराव्या इनिंगमध्ये यँकीजच्या ॲरन बूननं होम रन मारून सामना संपवला. बोस्टननं लिटलचा करार पुढे चालू ठेवला नाही.

लिटल चुकला असं माझंही मत आहे. पण आपल्या सर्वोत्तम माणसावर विसंबून तो चुकला. बोस्टनला त्याला माफ करायला एक वर्ष लागलं, कारण २००४ मध्ये ०-३ अशा पिछाडीवरून त्याच यँकीजना हरवून रेड सॉक्स पुढे गेले आणि १९१८ नंतर पहिल्यांदा दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली वर्ल्ड सिरीज जिंकले. चौथ्या सामन्यात नवव्या इनिंगला, एका धावेनं मागे असताना, रेड सॉक्सच्या डेव्ह रॉबर्ट्सनं फटका पडण्याआधीच धावून सेकंड बेस चोरला नसता तर सगळं तिथेच संपलं असतं.

त्या विजयाचा मॅनेजर टेरी फ्रँकोना. २००४ आणि २००७ अशा दोन वर्ल्ड सिरीज त्यानं बोस्टनला मिळवून दिल्या, पण वर्षातल्या सर्वोत्तम मॅनेजरचा पुरस्कार बोस्टनमध्ये असताना त्याला एकदाही मिळाला नाही. पुढे क्लीव्हलँडमध्ये तीनदा मिळाला. मतदान ऑक्टोबरच्या बाद फेऱ्यांआधीच होतं, आणि मतं बहुधा अपेक्षेपेक्षा जास्त जिंकणाऱ्या संघाच्या मॅनेजरला जातात. उलट १९८६ मध्ये हा मान बोस्टनच्याच जॉन मॅकनामाराला मिळाला. त्याच वर्षीच्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात पाय दुखावलेल्या बिल बकनरला त्यानं शेवटपर्यंत फर्स्ट बेसवर ठेवलं, आणि चेंडू बकनरच्या पायांतून निघून गेला. त्याआधी बाद फेरीत जिंकत असताना तो बकनरच्या जागी शेवटी दुसरा खेळाडू आणत असे.

२००३ चा बून आणि २००४ चा रॉबर्ट्स हे दोघे २०२४ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये मॅनेजर म्हणून समोरासमोर आले, बून यँकीजचा आणि रॉबर्ट्स लॉस एंजेलिस डॉजर्सचा. पहिल्या सामन्यात दहाव्या इनिंगला बूननं पिचर नेस्टर कॉर्टेझला आणलं. दुखापतीमुळे कॉर्टेझ महिन्याहून जास्त काळ खेळला नव्हता. डॉजर्सच्या फ्रेडी फ्रीमननं तिन्ही बेस भरलेले असताना पहिल्याच चेंडूवर होम रन मारला. डॉजर्सनी ती मालिका ४-१ नं जिंकली, आणि तो एक निर्णय न्यूयॉर्कनं सबंध हिवाळाभर उगाळला.

पुढच्या वर्षी, ३० सप्टेंबर २०२५ ला, यँकीज आणि रेड सॉक्स बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात भिडले. यँकीजचा पिचर मॅक्स फ्रीड सातव्या इनिंगपर्यंत एकही धाव न देता टाकत होता. १०२ चेंडूंनंतर बूननं त्याला काढलं, आणि नव्या पिचरला बोस्टननं लगेच ठोकलं. समोर बोस्टनच्या मॅनेजर ॲलेक्स कोरानं पिचर गॅरेट क्रोशेला ११७ चेंडू टाकू दिले आणि बोस्टन ३-१ नं जिंकलं. पेद्रोला ठेवलं म्हणून लिटल गुन्हेगार, क्रोशेला ठेवलं म्हणून कोरा शहाणा, फ्रीडला काढलं म्हणून बून भित्रा. पेच जवळजवळ सारखाच, निकाल वेगळे, आणि शिक्षा निकालावरून. पुढचे दोन्ही सामने मात्र यँकीजनी जिंकले. निर्णायक तिसऱ्या सामन्यात आठ इनिंगमध्ये एकही धाव न देता बारा जणांना स्ट्राइकआउट करणारा कॅम श्लिटलर मॅसॅच्युसेट्समध्ये, रेड सॉक्सच्याच मुलखात वाढलेला. तेवढ्यानं बूनच्या पहिल्या सामन्यातल्या निर्णयावरचा वाद मिटला असं मात्र न्यूयॉर्कमध्ये कुणी म्हटलं नाही, आणि बोस्टनमध्ये तर नाहीच.