पक्कड घेताना

हार्डवेअरच्या दुकानात एकाच मापाच्या दोन पकडी समोर येतात. एकीची किंमत दुसरीच्या दुप्पट. हा फरक निव्वळ नावाचा का? नाही, मुख्यतः तो पोलादाला दिलेल्या पाण्याचा असतो. तापवून विझवलेले पोलाद टणक होते, पण ठिसूळही. म्हणून ते पुन्हा बेताने तापवतात. या दुसऱ्या तापात कसूर झाली की पाना फाकतो, नाहीतर तडकतो. फाकलेला पाना नटावरून निसटला की बोटांची सालटी निघालीच!

१९६९ पासून स्वीडिश तंत्रसहकार्याने हत्यारे बनवू लागलेली टपारिया असो की पकडीच्या धारेला वेगळा ताप देणारी जर्मनीची क्निपेक्स, पैसे मोजायचे ते हा ताप दर नगाला सारखा मिळावा म्हणून. तरीही पक्कड मिटून उजेडाकडे धरा. कापायच्या धारांमधून उजेड दिसला, तर नाव कोणतेही असो, परत करा.

वायरमनचा जीव मात्र मुठीवर अवलंबून. रंगीत प्लॅस्टिक वीज अडवेलच असे नाही. मुठीवर दुहेरी त्रिकोण आणि १००० व्होल्टची खूण नसेल, तर आधी मेन स्विच बंद करा.