परसातील आंबा आणि खताचे पोते

परसात आंब्याचे एखादे कलम असावे, ही हौस आपल्या बहुतेक घरांत असते. दुकानातील मालाचा हिशेब चोख ठेवणारी आपली मंडळी खताच्या पोत्यावरील मजकूर मात्र क्वचितच वाचतात. रोपवाटिकेत फळझाडांसाठी म्हणून मिळणाऱ्या तयार मिश्रणात स्फुरदासाठी बोनमील, म्हणजे हाडांचा चुरा, घातलेला असू शकतो. बिस्किटाच्या पुड्यावरील घटकही तपासून घेणाऱ्या घराच्या अंगणात तो नकळत पसरला जावा, हे मनाला पटत नाही.

त्याची गरजही नाही. सिंगल सुपर फॉस्फेट खनिज दगडापासून तयार होते आणि झाडाची स्फुरदाची गरज पुरेपूर भागवते. रॉक फॉस्फेटची भुकटी कोकणातील आम्लधर्मी तांबड्या मातीत उपयोगी पडते. देशावरील चुनखडीच्या काळ्या जमिनीत ती फारशी विरघळत नाही. त्या जमिनीत बोनमीलचीही तीच गत होते, हे विक्रेता सांगत नाही.

प्रमाणाविषयी कोकणातील प्रचलित शिफारस सोपी आहे. पहिल्या वर्षी कलमास एक घमेले कुजलेले शेणखत, 300 ग्रॅम युरिया, 300 ग्रॅम सुपर फॉस्फेट व 100 ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. दरवर्षी तेवढीच भर घालीत जावे. दहाव्या वर्षी 10 घमेली शेणखत, 3 किलो युरिया, 3 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पोटॅश होते. पुढे तेच प्रमाण कायम ठेवावे.

खत बुंध्याशी ओतण्याची सवय सार्वत्रिक आहे आणि ती व्यर्थ आहे. अन्न शोषणारी कोवळी मुळे फांद्यांच्या घेराखाली, बाहेरच्या बाजूस असतात. तेथे सुमारे 15 सेंटिमीटर खोल गोल चर खणावा, खत पसरून मातीने झाकावे.

वेळ मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसाची. पावसाळा सरल्यावर दिलेला युरिया झाडास पालवीकडे वळवितो आणि मोहोर हुकतो. शिवाय ओल वाढली की मातीत जीवांची उत्पत्तीही वाढते. म्हणून चर मे महिन्याच्या अखेरीस, माती कोरडी असतानाच खणून ठेवावा. पाऊस येताच केवळ खत घालून माती ओढावयाची राहते, आणि चातुर्मासात कुदळ हाती घेण्याचा प्रसंग येत नाही.