गाव सोडताना घराचं काय? विकायचं की भाड्याने द्यायचं?



मागच्या महिन्यात एका गटाची बैठक संपत आली होती. बचत जमा झाली, हप्ते झाले, आणि एक ताई हळूच म्हणाल्या, "आम्ही चाकणला चाललोय. यांना कंपनीत काम लागलंय. शेजारचे घर मागतायत, चार लाख देतो म्हणतात. देऊन टाकू का?" लगेच दोन तट पडले. कोणी म्हणालं, बंद घर पडून जातं, विकून मोकळी हो. कोणी म्हणालं, गावातलं छप्पर घालवू नको. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं होतं. हा प्रश्न आता बऱ्याच घरांत आहे, म्हणून तो नीट बघू.

आधी बघा, घर कोणाचं आहे

ग्रामपंचायतीतून नमुना 8 चा उतारा काढा. पण हा उतारा घरपट्टीसाठी असतो, तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. गावात स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका आणि सनदही बघा. घर अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर असेल, तर त्यात सासूबाई, दीर आणि लग्न झालेल्या नणंदा यांचाही हिस्सा येतो. त्यांच्या सह्यांशिवाय विक्री केली तर पुढे भांडण ठरलेलं. घर नवऱ्याच्या नावावर असेल तर तुमचंही नाव लावायचा अर्ज ग्रामपंचायतीत द्या. दोघांचं नाव असलं की तुमच्या सहीशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही.

घर घरकुल योजनेतलं असेल तर योजनेच्या अटी विचारल्याशिवाय कोणालाच शब्द देऊ नका.

मग हिशोब मांडा

त्या ताईंचा हिशोब आम्ही वहीवरच केला. चार लाख बँकेत 6 टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला 24,000 रुपये. घर भाड्याने दिलं तर महिना 1,500 प्रमाणे वर्षाला 18,000. त्यातून घरपट्टी आणि पावसाळ्याआधीची डागडुजी मिळून 4,000 गेले, तर हातात 14,000. म्हणजे कागदावर विकणं फायद्याचं दिसतं.

पण मी विचारलं, "ताई, हे चार लाख खरंच बँकेत राहणार आहेत का?" त्या गप्प झाल्या. चाकणच्या खोलीला 15,000 अनामत द्यायची होती, एक जुनी गाडी घ्यायची होती, उरलेलं "बघू" असं होतं. गरज पंधरा हजारांची, आणि त्यासाठी चार लाखांचं घर निघालं होतं. शिवाय काम ठेकेदाराकडचं, कायम नाही. उद्या परत यावं लागलं तर चार लाखांत तसं घर पुन्हा उभं राहील का, हेही स्वतःला विचारा.

माझं म्हणणं एवढंच, की पहिल्या वर्षी घर विकू नका. नोकरी टिकते का, मुलं तिथल्या शाळेत रुळतात का, हे कळायला वर्ष लागतंच. मात्र घरातलं कोणीच परतणार नाही हे पक्कं असेल, घर मोडकळीला आलं असेल आणि बघायला कोणी नसेल, किंवा सावकाराचं व्याज कमाई खात असेल, तर विकण्यात कमीपणा नाही.

भाड्याने देताना

शिक्षक, नर्सताई, बँकेतले कर्मचारी यांना गावात खोली लागते. एखाद्या गटाला मसाला किंवा पापडाच्या कामालाही जागा हवी असते. माणसं वावरली की घरही टिकतं, नाहीतर वाळवी आणि उंदीर आहेतच.

- 'लिव्ह अँड लायसन्स' करार 11 महिन्यांचा करा आणि नोंदवून घ्या. यात समोरच्याला फक्त वापरायची परवानगी मिळते, घर तुमचंच राहतं.
- "ओळखीचेच आहेत" म्हणून तोंडी देऊ नका. नात्यात तर कागद आधी करा.
- घराचे फोटो आणि वीज मीटरचं रीडिंग ठेवा. एक खोली स्वतःच्या कुलपात ठेवा.
- भाडं तुमच्या बँक खात्यात येऊ द्या. पोलीस पाटलांना कळवा.

विकायचंच ठरलं तर

बॉण्डवर लिहून नोटरी केली म्हणजे घर विकलं गेलं, असं होत नाही. खरेदीखत दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावं लागतं. पूर्ण रक्कम बँक खात्यात दिसल्याशिवाय खरेदीखतावर सही करू नका. "राहिलेले दिवाळीला देतो" हे ऐकून घेऊ नका. आणि पैसे कुठे ठेवायचे ते घर विकायच्या आधी दोघांनी बसून ठरवा.

त्या ताईंनी शेवटी घर विकलं नाही. शाळेत नवीन आलेल्या मॅडमना अकरा महिन्यांसाठी दिलं. करार संपला की पुन्हा विचार करणार आहेत. कदाचित तेव्हा विकतीलही, पण घाईत नाही.

तुमच्या घरात असा विषय चालला असेल, तर पुढच्या बैठकीला नमुना 8 चा उतारा घेऊन या. हिशोब सगळ्याजणी मिळून मांडू.