धाराशिवमध्ये गुन्हे वाढले की नोंदी वाढल्या? आकडा वाचण्याआधी हे समजून घ्या

‘उस्मानाबाद आता पूर्वीचं राहिलं नाही.’ शहरात हे वाक्य सध्या कुठेही ऐकायला मिळतं. कुणाची मोटारसायकल दारासमोरून गेली, कुणाच्या आजीचं गंठण ओढलं, कुठे कुलूप तोडून घर साफ केलं. मग व्हॉट्सअ‍ॅपवर एखादा व्हिडिओ फिरतो. तो कुठला, कधीचा, कुणी विचारत नाही. दुसऱ्या दिवशी पोरींची संध्याकाळची ट्युशन बंद होते.

भीती खोटी आहे असं नाही. पण मुलीचं शिक्षण, प्लॉट कुठे घ्यायचा, दुकान रात्री किती वाजेपर्यंत उघडं ठेवायचं, असे निर्णय जिच्यावर घेतले जातात ती माहिती तरी नीट तपासायला हवी.

पहिली गोष्ट म्हणजे धाराशिव शहराचा वेगळा ‘क्राइम रेट’ राष्ट्रीय अहवालात शोधून सापडणार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग, म्हणजेच एनसीआरबी, दरवर्षीच्या अहवालात मोठ्या महानगरांचे आकडे वेगळे देतो. आपल्यासारख्या लहान शहराचे गुन्हे जिल्ह्याच्या आकड्यात मिसळून जातात. त्या एका आकड्यात परंड्यापासून उमरग्यापर्यंतचे आठही तालुके आले. आणि जुने तक्ते बघणार असाल तर तिथे ‘धाराशिव’ नव्हे, ‘उस्मानाबाद’ शोधा.

दर काढतात तो असा: वर्षभरात नोंदलेले गुन्हे भागिले लोकसंख्या, गुणिले एक लाख. 2022 मध्ये देशभरात 58 लाख 24 हजार 946 दखलपात्र गुन्हे नोंदले गेले आणि दर निघाला लाखामागे 422.2. महिलांवरील गुन्ह्यांसाठी भागाकार महिलांच्या संख्येने होतो, मुलांवरील गुन्ह्यांसाठी मुलांच्या. लोकसंख्या मात्र अंदाजाची असते, 2011 च्या जनगणनेवरून पुढे सरकवलेली. आणि एका एफआयआरला चार कलमं लागली तरी मोजला जातो एकच, सगळ्यात गंभीर गुन्हा. घरात शिरून चोरी, मारहाण आणि खून झाला, तर तक्त्यात फक्त खून दिसतो.

लहान शहरात हा हिशोब लगेच फसतो. 2022 मध्ये देशातला खुनाचा दर लाखामागे 2.1 होता. 2011 मध्ये धाराशिव शहराची लोकसंख्या सुमारे 1 लाख 12 हजार. देशाच्या सरासरीने इथे वर्षाला दोन-तीन खून निघतात. हा फक्त हिशोब आहे, शहराचा खरा आकडा नव्हे. समजा एका वर्षी दोन झाले आणि पुढच्या वर्षी चार, तर मथळा येईल ‘खुनांत 100 टक्के वाढ’. बांधाच्या वादातून किंवा घरच्या भांडणातून दोन घटना जास्त घडल्या की हा मथळा तयार. त्या दोन घरांवर आभाळ कोसळलेलं असतं, पण त्यावरून शहरात गुंडगिरी माजली असा अर्थ निघत नाही.

तुळजापूरचं उदाहरण आणखी बोलकं आहे. 2011 ला तिथली वस्ती सुमारे 34 हजार, आणि नवरात्रात येणारे भाविक लाखोंच्या संख्येने. गर्दीत पाकीट गेलं ते पुण्याच्या माणसाचं, पण गुन्हा पडला तुळजापूरच्या खात्यावर. सोलापूर-धुळे महामार्गाचंही तसंच. ट्रक परराज्यातला, माल दुसऱ्याचा, चोरी आपल्या हद्दीत. असे गुन्हे आपल्या गल्लीच्या सुरक्षिततेबद्दल फार थोडं सांगतात.

आता ‘वाढ’ कशी होते ते बघू. काही गुन्हे कुणी तक्रार करतं म्हणून नोंदले जातात, काही पोलीस छापा घालतात म्हणून. जिल्हा पोलिसांच्या प्रसिद्धीपत्रकात दारूबंदी आणि जुगाराच्या कारवाया नेहमी दिसतात. महिनाभर छापे वाढवले की तो आकडा फुगतो. दारू मात्र तेवढीच विकली जात असेल, कदाचित कमीही. फेब्रुवारी 2025 मध्ये तामलवाडी पोलीस ठाण्याच्या हद्दीत एमडी ड्रग्जच्या पुड्या पकडल्या गेल्या, तपास तुळजापूर शहरात पोहोचला आणि आरोपींची संख्या तीसच्या पुढे गेली. कागदावर जिल्ह्यात ड्रग्जचा गुन्हा तेव्हा दिसला. व्यसन त्याआधीच घराघरात शिरलेलं होतं, हे आई-बापांना आकडा येण्याच्या किती तरी आधी कळलेलं असतं.

केरळचा गुन्हेदर देशात नेहमी वरच्या राज्यांत असतो. तिथे जायला कुणी घाबरत नाही. तिथे लोक तक्रार देतात आणि पोलीस ती लिहून घेतात, हे त्यामागचं एक मोठं कारण. गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एनसीआरबी स्वतःच सांगते.

न नोंदलेला गुन्हा कुठे जातो?

आपल्या मोहल्ल्यांसाठी खरा मुद्दा इथे आहे. मोबाइल गेला, ‘जाऊ दे, जुनाच होता.’ पोरीच्या मागे कुणी गाडी घेऊन फिरतं, ‘बोभाटा नको, स्थळं यायची बंद होतील.’ मारामारी झाली, चार वडीलधारे बसले, मिटवून टाकली. पोलीस ठाण्याची पायरी चढायची म्हटलं की घरातली मोठी माणसं हात धरतात. त्यांची भीती हवेतली नाही. तक्रार द्यायला गेलेल्यालाच उलटे प्रश्न विचारले जातात, ताटकळत ठेवलं जातं, असे अनुभव लोकांच्या गाठीशी आहेत.

पण याचा परिणाम काय होतो बघा. गस्त कुठे वाढवायची, पॉइंट कुठे लावायचा, कॅमेऱ्याचा प्रस्ताव कुठल्या चौकासाठी द्यायचा, हे ठरवताना साहेबांच्या टेबलावर असतात त्या नोंदी. वर्षात वीस मोबाइल गेले आणि नोंद दोनाचीच, तर त्या टेबलावर तो मोहल्ला शांत. उद्या दिवे आणि गस्त मागायला नगरसेवकाला घेऊन गेलात तर हातात दाखवायला काहीच नसतं. मुलीच्या पाठलागाचं तर आणखी वाईट. एका घराने झाकलं की तोच पोरगा दुसऱ्या घराच्या मागे लागतो, आणि दुसऱ्या घरालाही वाटतं हे फक्त आपल्यासोबतच घडतंय.

ठाण्यात काय लिहिलं जातंय, ते वाचा

शहरात शहर आणि आनंदनगर अशी ठाणी आहेत, आसपासच्या गावांसाठी ग्रामीण. तुमचं कुठलं हे माहीत नसेल तरी अडत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद हद्द कुठलीही असो, कोणत्याही ठाण्यात देता येते. सोलापूरहून येताना एसटीत बॅग गेली तरी धाराशिवला उतरून तक्रार देता येते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती मागून घ्या.

सगळ्यात जास्त फसगत होते ती शब्दांत. फोन चोरीला गेला असं तुम्ही सांगता, कागदावर येतं ‘गहाळ’. गहाळ म्हणजे हरवला, म्हणजे गुन्हाच घडला नाही. दुसरा शब्द ‘एनसी’, अदखलपात्र. यात न्यायाधीशांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. नव्या कायद्यात पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची चोरी अदखलपात्र झाली आहे, म्हणून फोनची किंमत किती लिहिली जाते याला महत्त्व आहे. बिल सोबत न्या, आयएमईआय नंबर आत्ताच कुठेतरी लिहून ठेवा. तक्रारीची प्रत असेल तर ‘संचार साथी’ वर तो हँडसेट ब्लॉकही करता येतो.

(जाता जाता: पाच किंवा जास्त जणांनी मिळून जबरी चोरी केली तरच कायद्यात ‘दरोडा’. दोघांनी गंठण ओढलं तर ती जबरी चोरी. गल्लीत पडलेले बरेचसे ‘दरोडे’ कागदावर घरफोडीच असतात.)

ठाण्यात फिर्याद घेतलीच नाही तर? दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केलं. नव्या कायद्यात तीन ते सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत आधी 14 दिवसांची प्राथमिक चौकशी करायला मुभा आहे, पण तीही वरिष्ठ अधिकाऱ्याच्या परवानगीने. नकार मिळाला तर हकिकत लिहून पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा, रजिस्टरने पाठवलीत तर पोच राहते. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. घरातल्या महिलेला साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावता येत नाही, जबाब घ्यायला पोलिसांनी घरी यायचं असतं. 15 वर्षांखालील मुलांना आणि 60 वर्षांवरील माणसांनाही हीच सवलत आहे. बऱ्याच घरांत हे माहीत नसल्यामुळेच तक्रार अडते.

तातडीच्या मदतीसाठी 112. खात्यातून पैसे गेले असतील तर आधी 1930 ला फोन करा, बाकी विचारपूस नंतर. जितका लवकर फोन, तितकी पैसे पुढे सरकण्याआधी अडवले जाण्याची शक्यता जास्त.

आणि शहराचा आकडा स्वतःच बघायचा असेल तर मार्ग आहे. 2016 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एफआयआर संकेतस्थळावर टाकले जातात. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर जिल्हा, ठाणे आणि तारीख निवडून ते वाचता येतात. मागच्या तीन महिन्यांत तुमच्या ठाण्यात किती घरफोड्या आणि किती गाड्यांच्या चोऱ्या नोंदल्या गेल्या, हे मोहल्ल्यातली दोन कॉलेजची पोरं एका दुपारी मोजून काढतील. माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागच्या वर्षांचे ठाणेनिहाय आकडेही मागता येतात. पोर्टलवर लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे दिसणार नाहीत, पीडितेची ओळख उघड होऊ नये म्हणून ते मुद्दाम वगळलेले असतात.