न आलेला संशय

२४ फेब्रुवारी २०१० रोजी ग्वाल्हेरच्या कॅप्टन रूपसिंह स्टेडियमवर सचिन तेंडुलकरने १४७ चेंडूंत नाबाद २०० धावा केल्या. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय एकदिवसीय क्रिकेटमधील ते पहिलेच द्विशतक. शिंद्यांच्या नगरीतील तो पराक्रम येथे समुद्रकाठी बसून पाहताना ‘याने काही घेतले तर नसेल?’ अशी शंका आमच्या मनास शिवलीही नाही. या न आलेल्या शंकेचे मोल काय, हे अमेरिकेतील बेसबॉलप्रेमींना विचारावे.

त्याच वर्षी ११ जानेवारीस, म्हणजे अवघे सहा आठवडे आधी, मार्क मॅग्वायर या बेसबॉलपटूने आपण स्टिरॉइड घेत होतो अशी कबुली दिली होती. १९९८ च्या मोसमात ७० वेळा चेंडू सीमेपार धाडून त्याने ३७ वर्षांचा विक्रम मोडला, तेव्हा सारा देश त्याच्यापायी वेडावला होता. पुढे २००१ मध्ये बॅरी बाँड्सने ७३ चा आकडा गाठला; परंतु त्याच्याभोवतीचा संशय फिटला नाही, आणि २०२२ पर्यंत दहा वेळा मतदान होऊनही पत्रकारांनी त्याला कीर्तिमंदिरात प्रवेश दिला नाही. विक्रम पुस्तकात आहेत. पण त्या वेळी टाळ्या वाजविणाऱ्या प्रेक्षकाला आता आपल्याच आनंदाची लाज वाटावी, यासारखी फसवणूक नाही.

आपणही निर्धास्त राहावे अशी स्थिती नाही. २०१९ साली मध्य प्रदेशातच, इंदूर येथील सामन्याच्या वेळी, मुंबईच्या पृथ्वी शॉच्या नमुन्यात टर्ब्युटालिन हे वर्ज्य द्रव्य आढळले. खोकल्याच्या औषधातून ते अनवधानाने पोटात गेले, हा त्याचा खुलासा क्रिकेट मंडळाने मान्य केला. तरी आठ महिन्यांची बंदी चुकली नाही. (आमच्या लहानपणी खोकल्यावर अडुळसा पुरत असे!) क्रिकेटपलीकडचे चित्र अधिक चिंताजनक आहे. २०२२ मध्ये भारताच्या ३,८६५ नमुन्यांपैकी १२५ सदोष निघाले. दोन हजारांवर नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते.

जाणूनबुजून सुई टोचून घेणाऱ्याची गय नको. परंतु अजाण मुलाच्या माथी सारा दोष मारणे आम्हास रास्त वाटत नाही. त्याला सांगणार कोण? १९५७ साली, सत्तावन्नच्या समराच्या शताब्दीनिमित्त, ग्वाल्हेरलाच राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय निघाले; आज ती राष्ट्रीय संस्था आहे. वर्ज्य द्रव्यांची यादी दरवर्षी नव्याने निघते. तिच्यातील नेहमीच्या औषधांची नावे मातृभाषांत उतरवून शाळाशाळांतील क्रीडाशिक्षकांच्या हाती देण्याचे काम अशा संस्थांनी पत्करावे आणि क्रीडा खात्याने त्याचा खर्च उचलावा, अशी आमची मागणी आहे. तालमींना आणि गावोगावच्या क्लबांनाही त्यातून वगळू नये.