हौसेला धार, खिशाला वार!

गिटार झाली, कॅमेरा झाला, बाइकही झाली... आणि आता सुरी! पगार झाला की 'ॲड टू कार्ट' करणाऱ्या हौशी मंडळींच्या ड्रॉवरमध्ये पस्तावलेल्या पात्यांचा ढीग साचतोय. कुठली सुरी का फसते आणि घ्यायचीच तर काय बघून घ्यायची, याचा हा खरपूस पंचनामा!

आमच्या निजामपुऱ्यातल्या घरी ओट्याखाली वरून तिसरा एक ड्रॉवर आहे. आई त्याला 'शस्त्रागार' म्हणते. त्यात मूठ एकीकडे आणि पातं दुसरीकडे झालेला एक 'रॅम्बो' चाकू आहे. टोक उडालेली पांढरीशुभ्र सिरॅमिक सुरी आहे. चौदा नगांच्या सेटमधले न वापरलेले बारा नग आहेत. आणि सगळ्यात खाली, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली, नऊ हजारांची जपानी सुरी. सगळी खरेदी माझी. आई मात्र आजही खाली बसून विळीवर कांदा चिरते. तोही माझ्या दुप्पट वेगानं!

गंमत म्हणजे, ही सगळी पार्सलं फार लांबून आली नसणार. मुंबई-ठाण्याच्या ऑनलाइन खरेदीचा केवढा तरी माल आमच्या भिवंडीच्याच गोडाऊनमधून निघतो. माणकोली, पूर्णा, काल्हेर... घरापासून रिक्षाच्या अंतरावर. म्हणजे जगभरची हौस आमच्या शेजारी रॅकवर रचून ठेवलेली, आणि पस्तावा थेट घरपोच!

सुऱ्यांचं वेड लागलेला मी एकटाच नाही, बरं का! ऑफिसच्या कँटीनमध्ये विषय काढून बघा. प्रत्येकाच्या घरी असा एक ड्रॉवर निघतो. चाकू बदलतात, पस्तावा तोच.

रॅम्बोचा वारसा

ट्रेकर मंडळींची पहिली चूक बहुतेक हीच असते. १९८२ मध्ये 'फर्स्ट ब्लड' आला आणि सिल्व्हेस्टर स्टॅलनच्या हातातल्या चाकूनं जगभरच्या पोरांची झोप उडवली. पोकळ मूठ, तिच्या टोपणात होकायंत्र, आत काड्या, दोरा आणि मासे पकडायचा गळ. जिमी लाइल या अमेरिकन कारागिरानं सिनेमासाठी बनवलेला मूळ चाकू जातिवंत होता. पण त्याच्या नावावर बाजारात आलेल्या स्वस्त नकला? तौबा!

फंडा सोपा आहे. चांगल्या चाकूचं पोलाद मुठीच्या शेवटपर्यंत गेलेलं असतं. त्याला 'फुल टँग' म्हणतात. मूठच पोकळ असेल तर पोलाद जाणार कुठे? स्वस्त नकलेत ते इंच-दीड इंचावर संपतं आणि एखाद्या नटावर लटकतं. माहुलीच्या पायथ्याशी चुलीसाठी वाळकं लाकूड फोडताना मी पात्याच्या पाठीवर दगड मारला. दुसऱ्याच घावाला मूठ माझ्या हातात राहिली आणि पातं मित्राच्या नडगीशेजारून निघून गेलं. चार बोटांचं अंतर होतं. त्या रात्री खिचडी झाली, पण कुणी फारसं बोललं नाही. लाकूड शेवटी गावातल्या एका काकांनी आपल्या साध्या कोयत्यानं फोडून दिलं.

चौदा नग, वापरात दोन

दुसरा सापळा म्हणजे सेट! लाकडी ठोकळ्यात खोचलेल्या चकचकीत सुऱ्या. फोटोत किचन एकदम 'मास्टरशेफ' दिसतं. पण हिशेब मांडा. सहा स्टेक नाइफ. तुम्ही घरी शेवटचं स्टेक कधी खाल्लंत? एक ब्रेडची सुरी, आणि आपला पाव तर हातानंच तुटतो. एक कात्री, एक धार लावायची कांडी (ती कशी वापरायची ते कुणीच सांगत नाही) आणि मधल्या मापाच्या तीन सुऱ्या, ज्यांच्यातला फरक त्यांनाही माहीत नसावा. वापरात राहतात फक्त दोन, एक मोठी आणि एक छोटी. तेवढ्याच पैशांत या दोन सुऱ्या कितीतरी चांगल्या आल्या असत्या.

सिरॅमिकची गोष्ट वेगळी. झिर्कोनियम ऑक्साइडचं ते पातं गंजत नाही, धार महिनोन्‌महिने टिकवतं. टोमॅटो, काकडी, फळं... मस्त! पण ते काचेसारखं ठिसूळ. एकदा सिंकमध्ये पडलं की टोक गायब. आणि धार गेलीच तर साध्या दगडावर लागत नाही, हिऱ्याचा लेप असलेला दगड लागतो. आता तो शोधा भिवंडीत!

जपानी सुरी, कोकणी नारळ

आता मुख्य आरोपी. युट्युबवर जपानी शेफ कांद्याचे कागदासारखे काप करताना बघितले आणि माझी विकेट पडली. नऊ हजार! बॉक्स उघडला तेव्हा मी चक्क नमस्कार केला होता. पहिले पंधरा दिवस स्वर्ग. टोमॅटोवर नुसती ठेवली की स्वतःच्या वजनानं उतरायची. मग एका रविवारी मटण आणलं, आणि मी त्याच सुरीनं नळी तोडायला गेलो...

पात्याला दोन दात पडले. चूक सुरीची? मुळीच नाही. जपानी सुऱ्यांचं पोलाद फार कडक असतं. कडकपणा मोजायच्या रॉकवेल मापावर साठ किंवा त्याच्याही वर. जर्मन घाटाच्या सुऱ्या साधारण पंचावन्न ते अठ्ठावन्न. कडक पोलादाला बारीक धार लागते आणि ती टिकतेही. जपानी सुरीची धार प्रत्येक बाजूनं साधारण पंधरा अंशांची, जर्मन सुरीची वीसच्या आसपास. पण जितकं कडक, तितकं ठिसूळ. हाड, नारळ, फ्रीझरमधलं दगड झालेलं चिकन किंवा लाल भोपळ्यात अडकलेलं पातं पिळून काढणं... यातलं काहीही तिला चालत नाही. नरम पोलादाची धार अशा वेळी वाकते, कडक पोलादाची तुटते.

आता आपल्या किचनची यादी बघा. नारळ, सुरण, भोपळा, सुरमईचं डोकं, मटणाची नळी. अर्धी यादी तिच्यासाठी वर्ज्य! शिवाय ती साध्या कार्बन स्टीलची असेल तर कैरी, कोकम, लिंबू कापून तशीच ठेवली की तासाभरात डाग आणि सकाळी गंज. ज्या घरात भांडी रात्रभर सिंकमध्ये पडतात, त्या घरात ही सुरी म्हणजे गोठ्यात बांधलेला रेसचा घोडा.

दमास्कसचं गारुड

पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असलेल्या 'दमास्कस' सुऱ्यांची सध्या फार क्रेझ आहे. तिच्यामागचा इतिहास मात्र आपल्याच मातीतला. ज्या पोलादापासून पश्चिम आशियात त्या नामांकित तलवारी घडत, ते 'वूट्झ' पोलाद आजच्या तेलंगणातून आणि तमिळनाडूतून जहाजांनी जायचं. आज 'दमास्कस' म्हणून मिळतं ते वेगळं प्रकरण. वेगवेगळ्या पोलादांचे थर जोडून, घडवून, मग ॲसिडनं नक्षी उठवतात. हेही उत्तम असू शकतं. पण स्वस्तातल्या कित्येक सुऱ्यांवर ती नक्षी नुसती लेझरनं छापलेली असते. चार वेळा घासली की पुसट! ओळखायचं कसं? पात्याच्या पाठीकडे बघा. खऱ्या थरांच्या रेषा तिथेही दिसतात. आणि लक्षात ठेवा, कापते ती धारेजवळची पट्टी. नक्षी फक्त मिरवते.

...आणि मग खाकी वर्दी

आतापर्यंतचा पस्तावा खिशापुरता होता. काही खरेदी थेट पोलीस ठाण्यात पोचवते. २०१८ च्या मे महिन्यात औरंगाबादमध्ये (आताचं छत्रपती संभाजीनगर) ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकू पोलिसांनी जप्त केले, मागवणाऱ्यांची धरपकड झाली. एप्रिल २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये कुरिअरच्या खोक्यांतून तलवारी निघाल्या. 'साइटवर होतं, म्हणून घेतलं' हा बचाव ठाणे अंमलदाराला फारसा भावत नाही.

नियम काय म्हणतो? शस्त्र कायद्याखालच्या नियमांत तलवारी, खंजीर, कट्यारी यांच्या यादीत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकूही येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेल्यांना त्यातून सूट आहे. म्हणजे ओट्यावरची दहा इंची शेफ नाइफ चालेल. पण दुधारी 'टॅक्टिकल' खंजीर भाजी चिरायला घेतलाय, हे कुणाला पटणार?

शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७ आहेच. सणवार, निवडणुका, मोर्चे असले की पोलीस मनाई आदेश काढतात. ठाणे आयुक्तालयात भिवंडी येते, त्यामुळे आम्हाला हे आदेश पाठ आहेत. त्या दिवसांत सुरे, तलवारी, लाठ्या घेऊन रस्त्यावर फिरायला बंदी असते. हौशी मित्रांनो, खिशातला चाकू 'स्टाइल' म्हणून मिरवायचे दिवस 'वक्त'मधल्या राजकुमारबरोबर १९६५ सालीच संपले! नवी सुरी घरी नेताना ती पॅक केलेली असू द्या, बिल जवळ ठेवा आणि थेट घर गाठा.

आणि हो, विमानप्रवास असेल तर किचेनला अडकवलेला छोटा स्विस चाकू आठवणीनं चेक-इन बॅगेत टाका. मी विसरलो होतो. सिक्युरिटीच्या ट्रेमध्ये त्याला शेवटचा बघितला. पहिल्या पगाराचा होता.

चाचांचा एकच सुरा

मटणाच्या प्रसंगानंतर मी आणखी एक घोडचूक केली. दात पडलेली सुरी धार लावायला दिली. मोटरच्या चाकावर! ठिणग्यांची मस्त दिवाळी झाली, आणि परत आली तेव्हा धारेवर निळसर झाक होती. कोरड्या चाकावर पातं तापलं की पोलादाला दिलेलं पाणी उतरतं, धार नरम पडते. मग कितीही घासा, दोन दिवसांत बोथट. साध्या स्टीलच्या सुरीला धारवाला उत्तम, पण बारीक पात्याला नाही. त्याचा दोष नव्हता, त्याच्याकडे रोज येतात ते खाटकांचे सुरे आणि कात्र्या.

शेवटी ती सुरी घेऊन आमच्या गल्लीतल्या मटणवाल्या चाचांकडे गेलो. बकरी ईदच्या आधीचे दिवस होते. या दिवसांत भिवंडीत धारेचं काम जोरात चालतं. चाचांनी अंगठा धारेवरून आडवा फिरवला, मान हलवली आणि सुरी अदबीनं परत दिली. मग आपला सुरा दाखवला. काळपट, लाकडी मुठीचा, झिजून झिजून मूळच्या रुंदीच्या निम्मा उरलेला. मांसाला तोच. हाडाला वेगळा जड सत्तूर. दर थोड्या वेळानं लोखंडी कांडीवर दोन-चार हात, आणि रात्री दुकान बंद करताना ओल्या दगडावर पाच मिनिटं. बस्स! त्यांचं पोट ज्या पात्यावर चालतं, त्याच्यावर ना नक्षी, ना ब्रँड. आणि बोथट सुरीला ते धारदार सुरीपेक्षा जास्त घाबरतात. बोथट सुरीवर जोर द्यावा लागतो, ती घसरते आणि बोटावर येते. माझ्या डाव्या तर्जनीवरचे तीन टाके ही त्याची पोचपावती.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मी एकही सुरी माझ्या किचनसाठी घेतली नव्हती. एक रॅम्बोसाठी घेतली, एक जपानी शेफसाठी, एक सेट इन्स्टावरच्या कुणाच्या तरी ओट्यासाठी. घरी कापलं काय जातं आणि धार लावणार कोण, हे दोन प्रश्न मी कधी विचारलेच नाहीत!

खरेदीआधी एवढं बघाच!

• आठवडाभर घरात काय काय कापलं जातं ते लिहून काढा. सुरी त्या यादीसाठी घ्या.

• सेट नको. एक आठ इंची सुरी, एक छोटी. हाड आणि नारळासाठी वेगळा सत्तूर किंवा कोयता.

• सुरीआधी दगड घ्या. आजोबा त्याला निसणा म्हणायचे. हजार ग्रिटचा एक दगड घरासाठी पुरे. सराव आधी जुन्या सुरीवर.

• काचेच्या किंवा ग्रॅनाइटच्या पाटावर कापू नका. लाकूड किंवा प्लास्टिक बेस्ट.

• धुतली की लगेच पुसा. सिंकमध्ये मुक्काम नको.

• पातं नऊ इंचांवर, दुधारी किंवा बटणाचं? कार्टमधून काढून टाका, बॉस!

आमच्या घरी सध्या तीनबत्तीच्या बाजारातून आणलेली साधी स्टीलची सुरी चालते. दर रविवारी सकाळी मी तिला दगडावर धार लावतो. आई आता कधीकधी कोथिंबीर तिच्यावर चिरते. हा माझ्यासाठी फाइव्ह स्टार रिव्ह्यू! आणि ती नऊ हजारांची जपानी राणी? तिलाही काम मिळालंय. पार्सल आलं की आई टॉवेलातून तिला काढते आणि खोक्याची चिकटपट्टी कापते.